रोग येण्यापूर्वीची राखण : ‘प्रोफिलॅक्सिस’ या शब्दाचा अर्थ व उपयोग

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजात इंग्रजी पारिभाषिक शब्दांना मराठी प्रतिशब्द योजण्याच्या कार्यास वेग आला. अनेक शब्दांच्या बाबतीत हे काम सोपे होते. ‘रजिस्टर’ म्हणजे नोंदवही, ‘रिसीट’ म्हणजे पावती, एवढे सांगितले की काम भागते. परंतु काही शब्द असे आहेत की, त्यांचा प्रतिशब्द कोशात सापडतो, परिपत्रकात तो छापलाही जातो आणि तरीही वाचणाऱ्याच्या मनात त्याचा नेमका अर्थ उतरत नाही. अर्थ उतरला नाही की कृती चुकते. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात अशी चूक कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

‘प्रोफिलॅक्सिस’ हा अशा शब्दांपैकी एक होय. आरोग्य खात्याच्या सूचनांत, लसींच्या वेष्टनांवर, लोहाच्या गोळ्यांसंबंधीच्या परिपत्रकांत आणि श्वानदंशाच्या नोंदवहीत हा शब्द वारंवार आढळतो. ‘प्रतिबंध’ या अर्थाचा एक भारदस्त इंग्रजी शब्द, अशी त्याची सर्वसाधारण ओळख आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांना या शब्दाशी रोजचा संबंध येतो. म्हणून त्याचा अर्थ, त्याच्या मराठी प्रतिशब्दांतील भेद आणि त्याचा प्रत्यक्ष उपयोग यांचा थोडक्यात परामर्श घेणे उपयुक्त ठरेल.

मूळ अर्थ

हा शब्द इंग्रजीत ग्रीक भाषेतून आला. ग्रीक भाषेत ‘फिलॅक्स’ म्हणजे पहारेकरी, राखणदार; आणि ‘प्रो’ म्हणजे आधी, पुढे. तेव्हा ‘प्रोफिलॅक्सिस’ म्हणजे आधीपासून किंवा पुढे उभे राहून केलेली राखण. इंग्रजीत यातील ‘प्रोफिलॅक्टिक’ हे विशेषण सोळाव्या शतकापासून वैद्यकीय लेखनात दिसते. नाम त्या मानाने अलीकडचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकातले आहे. रोग होऊ नये म्हणून योजलेला उपाय, हाच अर्थ दोन्ही रूपांत कायम राहिला.

मराठी माणसाला राखण ही कल्पना नवी नाही. ज्वारीच्या शेतात कणीस भरू लागले की माळा उभारून गोफण हाती घेतली जाते. पाखरे दाणे टिपून गेल्यावर माळ्यावर चढण्याचा काही उपयोग नसतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. गावचा जागल्याही चोरी झाल्यानंतर नव्हे, तर ती होऊ नये म्हणून रात्रीची गस्त घाली. ‘प्रोफिलॅक्सिस’ या शब्दाच्या पोटात हीच कल्पना आहे. आयुर्वेदानेही वैद्यकाची दोन उद्दिष्टे सांगताना रोग्याच्या रोगाचे शमन करणे याबरोबरच निरोगी माणसाचे आरोग्य राखणे यालाही स्थान दिलेले आहे.

राखणीच्या या कल्पनेत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. कशापासून राखावयाचे, कोणाला राखावयाचे आणि राखण केव्हा सुरू करावयाची. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ठाऊक असतील तरच राखण फळाला येते. पुढील सर्व विवेचनात हे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहेत.

मराठी प्रतिशब्द आणि त्यांतील भेद

‘प्रोफिलॅक्सिस’ला मराठीत ‘रोगप्रतिबंध’ व ‘प्रोफिलॅक्टिक’ला ‘रोगप्रतिबंधक’ असे प्रतिशब्द रूढ आहेत आणि ते योग्य आहेत. अडचण आहे ती ‘प्रतिबंध’ या शब्दावर आपण टाकलेल्या भाराची. भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियम, १९८८ यात ‘प्रतिबंध’ हा शब्द इंग्रजी ‘प्रिव्हेन्शन’साठी आला आहे, बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ यात तोच शब्द ‘प्रोहिबिशन’साठी, म्हणजे मनाईसाठी आला आहे. एक गोष्ट घडू न देणे आणि एखादी गोष्ट करण्यास बंदी करणे, हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात एकत्र नांदतात. कायद्यात संदर्भाने अर्थ स्पष्ट होतो. आरोग्याच्या सूचनेत मात्र घोटाळा होण्याचा संभव असतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘प्रतिबंधक औषध’ आणि ‘प्रतिबंधित औषध’ हे दोन शब्दप्रयोग. पहिल्याचा अर्थ रोग होऊ न देणारे औषध. दुसऱ्याचा अर्थ ज्या औषधावर बंदी आहे ते औषध. फरक केवळ शेवटच्या अक्षरांचा, पण अर्थ अगदी उलट. एक औषध घरोघरी पोहोचवावयाचे असते, तर दुसरे दुकानातून काढून घ्यावयाचे असते. टंकलेखनात किंवा घाईने केलेल्या मसुद्यात ही चूक सहज होते आणि वाचताना ती डोळ्यांतून निसटते. सूचना काढणाऱ्याने हा शब्द सहीपूर्वी एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

‘प्रतिबंध’च्या शेजारी आणखी काही शब्द वावरतात. त्यांचे क्षेत्र वेगवेगळे आहे.

‘निवारण’ म्हणजे उद्भवलेली गोष्ट दूर करणे. तक्रार आधी येते, मग तिचे निवारण होते. दुष्काळ निवारणाची कामे दुष्काळ पडल्यानंतर सुरू होतात. म्हणून ‘प्रोफिलॅक्सिस’साठी हा शब्द योजणे योग्य नाही.

‘नियंत्रण’ म्हणजे रोग अस्तित्वात आहे हे मान्य करून तो मर्यादेत ठेवणे.

‘दूरीकरण’ हा शब्द इंग्रजी ‘एलिमिनेशन’साठी वापरला जातो. एखाद्या प्रदेशात रोगाचे प्रमाण ठरलेल्या पातळीखाली आणणे, किंवा तेथील प्रसार थांबविणे, असा त्याचा अर्थ आहे. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण २००५ साली साध्य झाले, याचा अर्थ दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण ही पातळी गाठली गेली, एवढाच होता. त्यानंतरही नवे रुग्ण आढळत राहिले. ‘कुष्ठरोग संपला’ असा त्याचा अर्थ लावणाऱ्यांची म्हणूनच फसगत झाली.

‘निर्मूलन’ म्हणजे मुळासकट नाहीसे करणे. माणसाच्या रोगांपैकी हे भाग्य आजवर देवी या एकाच रोगाच्या वाट्याला आले आहे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. तथापि जगातून तो अद्याप गेलेला नाही, म्हणून मुलांना डोस देण्याचे काम थांबलेले नाही.

थोडक्यात सांगावयाचे तर, प्रतिबंध एका व्यक्तीपासून सुरू होतो, नियंत्रण व दूरीकरण ही एखाद्या प्रदेशाच्या बाबतीत बोलावयाची भाषा आहे आणि निर्मूलन ही साऱ्या जगाच्या बाबतीत. अहवाल लिहिताना हा क्रम ध्यानी ठेवला तर शब्दांची सरमिसळ होणार नाही.

मुंबईचा प्लेग आणि ‘प्रोफिलॅक्टिक’

या शब्दाचा महाराष्ट्राशी जुना व जवळचा संबंध आहे. १८९६ सालच्या उत्तरार्धात मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. त्या वेळी भारतात पटकीच्या लसीवर काम करीत असलेले शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना मुंबईस पाचारण करण्यात आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगच्या जंतूंची वाढ करून, ते उष्णतेने मारून, त्यांपासून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात ती स्वेच्छेने घेणाऱ्या कैद्यांना टोचण्यात आली व न घेतलेल्यांशी तुलना करून तिचा उपयोग पाहण्यात आला. या लसीस त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत ‘प्लेग प्रोफिलॅक्टिक’ असे नाव आहे. १८९९ साली परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तिलाच १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

त्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग अधिनियम अमलात आला. रोगाचा उद्भव व फैलाव रोखण्यासाठी शासनाला व्यापक अधिकार या कायद्याने दिले. प्रतिबंधाचे हे दोन मार्ग एकाच वेळी चालू होते. एक लसीचा आणि दुसरा सक्तीचा. पुण्यात रँडच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने घरांची झडती, संशयित रुग्णांची सक्तीची हलवाहलव आणि सामानाची नासधूस यांचा जो मार्ग अवलंबिला, त्यामुळे लोकांत भीती व संताप पसरला. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली कराची येथील प्रयोगातून दाखविले. त्याआधी घरे धुऊन काढणे, कपडे जाळणे आणि माणसांना कोंडणे यांवर सारा भर होता. चोर ज्या वाटेने येत होता, त्या वाटेवर पहाराच नव्हता. प्रतिबंधक उपाय किती कठोर आहे यावर त्याचे यश अवलंबून नसते. रोगाची वाट नेमकी ओळखणे आणि लोकांनी उपाय समजून-उमजून स्वीकारणे यांवर ते अवलंबून असते. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा धडा आजच्या लसीकरण सत्रालाही तितकाच लागू आहे. पालकांना कारण न सांगता दारोदार फिरणाऱ्या पथकाला विरोध होतो. कारण सांगणारी आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडी सेविका तेच काम सहज करून जाते.

संपर्कानंतरची राखण

‘प्रतिबंध’ म्हणजे घटना घडण्यापूर्वीचा उपाय, असे आपण धरून चालतो. परंतु वैद्यकात ‘संपर्कोत्तर प्रोफिलॅक्सिस’ असाही एक शब्दप्रयोग आहे. प्रथमदर्शनी तो विसंगत वाटतो. कुत्रा चावून गेला, आता प्रतिबंध कशाचा? हा प्रश्न ग्रामीण भागात आजही विचारला जातो आणि तो विचारण्यात जो वेळ जातो तो कधीकधी भरून काढता येत नाही.

उत्तर सरळ आहे. येथे प्रतिबंध चाव्याला नाही, रोगाला आहे. रेबीजचा विषाणू जखमेतून शरीरात शिरल्यावर तो मज्जातंतूंच्या वाटेने सावकाश मेंदूकडे सरकतो. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात. क्वचित एखादाच आठवडा, तर क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो. जखम डोके, चेहरा, मान वा हात यांवर असेल तर धोका अधिक व अवधी कमी. विषाणू मेंदूत पोहोचून लक्षणे दिसू लागली की रोग जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो. म्हणजे चावा आणि लक्षणे यांच्यामध्ये जो अवधी आहे, तेवढीच राखणीची संधी. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस देण्यास प्रारंभ केला, तो याच अवधीचा लाभ घेऊन. तो मुलगा वाचला.

या उपचाराचे तीन भाग आहेत. पहिला भाग गावातच, घरातच करावयाचा आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग पंधरा मिनिटे धुणे. यामुळे जखमेतील बरेच विषाणू तेथेच नष्ट होतात. जखमेवर मिरची, चुना, हळद, तेल वा अन्य काही लावू नये. त्यामुळे विषाणू मरत नाही, उलट जखम चिघळते. दुसरा भाग लसीचा. शासकीय रुग्णालयांतून त्वचेत देण्याची जी पद्धत आहे, तीत लस सुरू केल्याचा दिवस शून्य धरून त्या दिवशी व त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस दिली जाते. स्नायूत देण्याच्या पद्धतीत वेळापत्रक थोडे वेगळे असते. तिसरा भाग रक्त आलेल्या किंवा खोल जखमांसाठी आहे. लसीमुळे शरीरात संरक्षक द्रव्ये तयार होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तेवढा काळ भरून काढण्यासाठी तयार संरक्षक द्रव्य, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेत व जखमेभोवती टोचले जाते.

शाळेतील शिक्षकाने आणि पंचायत सदस्याने येथे दोन गैरसमज दूर करावयास हवेत. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, ही भीती अजून अनेक घरांत आहे. ती जुनी लस भारतात या शतकाच्या पहिल्या दशकातच बंद झाली. आताची लस दंडात दिली जाते. दुसरा गैरसमज असा की, कुत्रा दहा दिवस जगतो काय ते पाहावे आणि मग ठरवावे. कुत्र्यावर लक्ष ठेवावे, परंतु त्यासाठी लस लांबवू नये. लस आधी सुरू करावयाची. कुत्रा दहा दिवसांनंतरही धडधाकट राहिला तर पुढील मात्रांबाबत डॉक्टर निर्णय घेतील.

पशुवैद्यक, भटकी कुत्री पकडणारे कर्मचारी आणि रेबीजच्या प्रयोगशाळांतील कर्मचारी यांना चावा होण्यापूर्वीच लस दिली जाते. तिला ‘संपर्कपूर्व प्रोफिलॅक्सिस’ म्हणतात. अशा व्यक्तीलाही पुढे चावा झाला तर जखम धुणे व लसीच्या काही मात्रा घेणे चुकत नाही.

संपर्कानंतर राखण करण्याची इतरही उदाहरणे आहेत. कुष्ठरुग्णाच्या घरातील व निकटच्या व्यक्तींची तपासणी करून, ज्यांना रोग नाही अशांना रिफॅम्पिसिन या औषधाची एकच मात्रा देण्यात येते. अतिवृष्टीनंतर साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्या लोकांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन दिले जाते. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर या रोगाने जे बळी घेतले, त्यानंतर हा उपाय शहरवासीयांच्या परिचयाचा झाला. कोकणातील भातशेतीत उघड्या पायांनी राबणाऱ्यांनाही या रोगाचा धोका असतो. या सर्व उदाहरणांत माणूस अद्याप आजारी नसतो. पण जंतू दारापर्यंत येऊन गेलेला असण्याची शक्यता असते.

निरोगी दिसणाऱ्याला औषध कशासाठी?

रोगप्रतिबंधाच्या कार्यात सर्वांत अवघड प्रश्न हाच असतो. १९७० साली केंद्र शासनाने दोन कार्यक्रम सुरू केले, त्यांच्या इंग्रजी नावांतच ‘प्रोफिलॅक्सिस’ हा शब्द होता. एक होता पोषणाच्या अभावी होणाऱ्या रक्तक्षयाविरुद्ध आणि दुसरा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी येणाऱ्या अंधत्वाविरुद्ध. पुढे या कार्यक्रमांची नावे व स्वरूप बदलले, पण तत्त्व तेच राहिले.

‘अ’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत हे तत्त्व फारच स्पष्ट दिसते. मुलाला आधी रात्री कमी दिसू लागते, मग डोळा कोरडा पडतो आणि शेवटी बुबुळावरचा पारदर्शक पडदा मऊ पडून फुटतो. एकदा तो फुटला की औषधाने दृष्टी परत आणता येत नाही. म्हणून नवव्या महिन्यात एक लाख एककांची पहिली मात्रा, सोळा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान दोन लाख एककांची दुसरी आणि त्यानंतर पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एक, अशा नऊ मात्रा सर्वच मुलांना देण्याचे वेळापत्रक आहे. ज्या मुलाचे डोळे आज चांगले आहेत, त्याच्यासाठीच ती मात्रा आहे.

लोहाच्या गोळ्यांबाबत शाळांतून नेहमी विचारणा होते की, अशक्त दिसणाऱ्या मुलींनाच गोळ्या दिल्या तर पुरवठा वाचणार नाही काय? येथे ‘प्रतिबंधक मात्रा’ आणि ‘उपचाराची मात्रा’ यांतील फरक समजून घेतला पाहिजे. प्रतिबंधक मात्रा रक्त न तपासता, त्या वयोगटातील सर्वांना द्यावयाची असते. रक्तक्षय चेहऱ्यावर दिसू लागतो तोवर शरीरातील लोहाचा साठा केव्हाच संपलेला असतो. दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळ्या रंगाची गोळी दिली जाते. तीत साठ मिलिग्रॅम लोह व पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी रंगाची, कमी मात्रेची गोळी आहे. गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी एकशे ऐंशी दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा एकशे ऐंशी दिवस, ही प्रतिबंधक मात्रा होय. तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन कमी आढळले, तर डॉक्टर गोळ्यांचे प्रमाण वाढवितात. ती उपचाराची मात्रा. गोळी तीच, पण हेतू वेगळा, प्रमाण वेगळे आणि ठरविणारी व्यक्तीही वेगळी.

गोळीने शौचाचा रंग काळपट होतो, क्वचित मळमळते. उपाशीपोटी गोळी न घेता जेवणानंतर घेतली तर हा त्रास कमी होतो. ही गोष्ट शिक्षकांनी आधीच सांगितली तर गोळ्या खिडकीबाहेर फेकल्या जात नाहीत. आजारी नसलेल्या माणसाला औषधाचा त्रास पटकन जाणवतो आणि त्याचा लाभ मात्र दिसत नाही. जो रोग झालाच नाही, तो टळला याचा पुरावा कोणाच्या हाती देता येत नाही. म्हणूनच या कामात विश्वास जोडावा लागतो.

फसवे साम्य

याच शब्दाशी नाते सांगणारा एक शब्द आहे ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’. उच्चारात साम्य असल्याने दोन्ही शब्दांची गल्लत होते. १९०२ साली शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातील एका प्राण्याच्या विषाविरुद्ध कुत्र्यांत संरक्षण निर्माण करू पाहत होते. विषाची दुसरी अल्प मात्रा देताच संरक्षण मिळण्याऐवजी कुत्री दगावली. राखणीच्या अगदी उलट असे हे काही घडले, म्हणून रिशे यांनी हा नवा शब्द घडविला. या संशोधनाबद्दल त्यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणजे लस, औषध, कीटकदंश किंवा एखादा अन्नपदार्थ यांमुळे अचानक उद्भवणारी तीव्र प्रतिक्रिया. तीत श्वास कोंडतो, रक्तदाब घसरतो आणि तत्काळ अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. ती फार क्वचित उद्भवते. तरीही लस घेतल्यावर अर्धा तास तेथेच थांबण्यास सांगितले जाते, त्याचे कारण हेच आहे. लसीकरण सत्राच्या अहवालात ‘प्रोफिलॅक्सिस’च्या जागी ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ लिहिले गेले, तर केवढा अनर्थ होईल याची कल्पना वाचकांनी करावी.

लेखनातील उपयोग

आता या शब्दाचा सूचना व अहवाल यांत कसा उपयोग करावा, हे काही नमुन्यांवरून पाहू.

ग्रामपंचायतीच्या फलकावर पुष्कळदा असे वाक्य असते : ‘श्वानदंश झालेल्या व्यक्तींनी प्रतिबंधात्मक उपाययोजना करावी.’ व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे; पण वाचणाऱ्याने काय करावयाचे ते त्यात नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘कुत्रा, मांजर किंवा माकड चावल्यास अथवा त्याने ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीज प्रतिबंधक लस सुरू करावी. ठरलेल्या तारखांना सर्व मात्रा पूर्ण कराव्यात.’

शाळेच्या परिपत्रकात ‘लोहगोळ्यांचे प्रतिबंधात्मक वाटप करण्यात यावे’ असे असते. वाटप प्रतिबंधात्मक नसते, गोळी प्रतिबंधक असते. तेव्हा ‘रक्तक्षय होऊ नये म्हणून सहावी ते बारावीच्या सर्व मुलामुलींना आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, लोहाची एक गोळी शिक्षकांसमक्ष द्यावी’ असे लिहिणे इष्ट. ‘सर्व’ हा शब्द येथे गाळता कामा नये.

पुरानंतरच्या अहवालात ‘बाधित भागात रोगप्रतिबंध करण्यात आला’ असे मोघम वाक्य लिहिले जाते. कोणता रोग? पाणी शुद्ध केले की डासांची पैदास रोखली, की औषध दिले? किती जणांना, कोणत्या दिवशी? एवढे नमूद केल्याशिवाय अशा वाक्याला अहवालात स्थान असू नये.

‘प्रोफिलॅक्सिस’ हा इंग्रजी शब्दच ठेवावा की मराठी प्रतिशब्द योजावा, असाही प्रश्न येतो. डॉक्टरांच्या आपसांतील टिपणीत मूळ शब्द राहिला तर हरकत नाही, कारण तेथे त्याचा अर्थ निश्चित आहे. जनतेसाठी काढलेल्या सूचनेत मात्र ‘रोग होऊ नये म्हणून’ हे चार साधे शब्द ‘प्रतिबंधात्मक’ या जोडाक्षरी विशेषणापेक्षा अधिक काम करतात. ज्या रोगासाठी उपाय आहे त्याचे नावही सोबत यावे. ‘प्रतिबंधक लस’ असे नुसते न म्हणता ‘गोवर-रुबेला प्रतिबंधक लस’, ‘रेबीज प्रतिबंधक लस’ असे म्हणावे.

समारोप

तहान लागल्यावर विहीर खोदू नये, ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. सार्वजनिक आरोग्याच्या कामात तिचा अर्थ असा की, कशापासून, कोणाला आणि केव्हा राखावयाचे याचा निर्णय साथ येण्यापूर्वी झालेला असला पाहिजे आणि तो साध्या शब्दांत गावापर्यंत पोहोचलेला असला पाहिजे. ग्रामसभेत एकदा जखम धुण्याची रीत सांगणे, शाळेत गोळीच्या दिवशी तिचे कारण सांगणे, आरोग्य केंद्रात रेबीजची लस शिल्लक आहे काय याची पंचायतीने पावसाळ्यापूर्वी चौकशी करणे, ही कामे खर्चाची नाहीत. परिपत्रकातील अवघड शब्द वाचून दाखवून थांबण्याऐवजी त्यातून निघणारी कृती सांगण्याची सवय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांनी लावून घेतली, तर ‘रोगप्रतिबंध’ हा शब्द कागदावर न राहता गावाच्या वेशीवर पहारा देऊ लागेल.